सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ खरं असतं का?

‘बोटाला सुई टोचू नका, घड्याळ बांधा आणि शुगर बघा!’ अशी जाहिरात तुमच्याही फीडमध्ये आली असेल. पण सुई न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. चुकीचा आकडा पाहून इन्सुलिन जास्त घेतलं गेलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

मग काहींच्या घड्याळावर शुगर दिसते ती कुठून?

दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या सेन्सरमधून. याला ‘सीजीएम’ म्हणतात. नाण्याएवढ्या चकतीखालचा बारीक तंतू त्वचेच्या आत जातो. म्हणजे टोचावं लागतंच, फक्त रोज नाही. तंतूवरच्या एन्झाइमची ग्लुकोजशी प्रक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून दर काही मिनिटांनी आकडा मोबाईलवर येतो. घड्याळ तो फक्त दाखवतं.

खरा उपयोग दूर राहणाऱ्यांना आहे. आई गावी एकटी आणि मुलगी पुण्यात असेल, तर आईच्या परवानगीने तेच आकडे मुलीच्या फोनवर दिसतात. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की अलार्म वाजतो. अर्थात, आईच्या फोनला नेट हवं आणि मुलीचा फोन सायलेंटवर नको.

आकडा नेहमी बरोबर असतो?

नाही. तंतू रक्तवाहिनीत नसतो. तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे आकडा रक्तापेक्षा साधारण ५ ते १५ मिनिटं मागे असू शकतो. जेवणानंतर किंवा व्यायाम करताना हा फरक जास्त जाणवतो. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं, तरी दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. आई गाढ झोपेत आणि रात्री दोन वाजता पुण्यात धावपळ, असंही होतं!

उलट प्रकार जास्त धोक्याचा. घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि स्क्रीनवर आकडा मात्र नॉर्मल. अशा वेळी बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर तपासावं. तो हाताशी नसेल, तर शुगर कमी झाली असं धरून लगेच साखर किंवा ग्लुकोजचं पाणी घ्यावं. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये; थेट १०८ ला फोन करावा.