बावीस श्रुतींची पेटी

बडोद्याच्या नागरवाड्यापासून सूरसागर तलाव फार दूर नाही. तलावाजवळच्या संगीत महाविद्यालयाचे मूळ १८८६ साली मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने काढलेल्या गायनशाळेत आहे. गुरूच्या घरी बंदिस्त असलेली विद्या तेथे वर्गात आणि स्वरलिपीत आली. अशा नगरीतच १९१६ च्या मार्च महिन्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरावी, हे योग्यच होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते.

या परिषदेत एक नवलाचे वाद्य मांडण्यात आले. दिसावयास ती हार्मोनियमच होती. परंतु तिच्यातून सप्तकाचे बारा नव्हे, बावीस स्वर निघत. ही श्रुतिपेटी म्हणजे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या परिश्रमाचे फळ होते. देवलांनी १९१० साली श्रुतींची गणिते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. पुढे लंडनच्या मूर नामक कारागिराकडून तसे वाद्य घडवून घेण्यात आले.

हा खटाटोप कशासाठी? सामान्य पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म अंश मानले, तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० अंशांवर येतो; तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र सुमारे ३८६ वर असतो. हा चौदा अंशांचा फरक तयार कानाला खटकतो. तो दूर व्हावा, ही देवलांची तळमळ होती.

प्रयोगाची ही परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. भरतमुनींनी दोन वीणा सारख्या जुळवून, एक अचल ठेवून दुसरी एकेक श्रुतीने उतरविण्याचा प्रयोग सांगितला आहे. दुसऱ्या उतरणीत हिचे गंधार आणि निषाद तिच्या ऋषभ आणि धैवताशी एकरूप होतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तर त्यासाठी बावीस तारांच्या वीणा योजल्या. मात्र या वीणांवर निर्णय देणारा होता तो कानच.

बडोद्यात नेमका येथेच पेच पडला. परिषदेस मोठमोठे गवई उपस्थित होते. पेटीतले स्वर आणि गळ्यातले स्वर जुळतात की नाही, यावर वाद झाला. दरबारीचा गंधार आंदोलन घेत येतो. तो एका पट्टीवर बसवावा कसा? मींड घेताना गळा एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो. पेटीला मात्र पट्टी सोडून दुसरी धरावी लागते. भातखंड्यांनी बारा स्वरांच्या पायावरच रागव्यवस्था उभारली, आणि देवलांची पेटी मैफिलीत रुजली नाही.

तथापि देवलांनी विचारलेला प्रश्न संपला नाही. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीमागेही बारा ठाम स्वरांविषयीची हीच तक्रार होती. आज पेटी सर्वत्र साथीला असते; गवई मात्र अजून आधी तंबोराच जुळवितात.

पेटी हरली म्हणून देवलांचे श्रम वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपला कान नेमके काय ऐकतो, हे मोजून पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. मापाने सुराची जागा कळते. त्या जागी जावयाचे कसे, हे मात्र गळ्यालाच शिकावे लागते.