ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे?

कामगारांना शिकण्याची आवड नसते, असे आपण अनेकदा ऐकतो. इ.स. १८०० मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातही जाणती माणसे असेच म्हणत होती.

तेथील अँडरसन संस्थेत जॉर्ज बर्कबेक हा चोविशीतला प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवीत असे. प्रयोगांची साधने त्याला गावातल्या कारागिरांकडून बनवून घ्यावी लागत. सेंट्रिफ्यूगल पंपाची प्रतिकृती करून घेण्यासाठी तो पत्र्याचे काम करणाऱ्याच्या दुकानात गेला, तेव्हा कारागीर भोवती जमून प्रश्न विचारू लागले. (आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना याचे नवल वाटत नाही. काचेची उपकरणे फुंकून देणारा कारागीर नुसते माप विचारून थांबत नाही. नळीत काय होणार, हेही त्याला हवे असते.)

या लोकांसाठी शनिवारी संध्याकाळी मोफत व्याख्याने द्यावीत, असे बर्कबेकने ठरवले. त्यावर शहाण्यांचे म्हणणे पडले, की कारागीर येणार नाहीत, आले तर ऐकणार नाहीत आणि ऐकले तरी त्यांना कळणार नाही. पहिल्या व्याख्यानाला ७५ जण आले. चौथ्याला ५०० होते!

१८०४ मध्ये बर्कबेकने ग्लासगो सोडले, पण वर्ग चालू राहिला. आम्हांला या इतिहासातला महत्त्वाचा भाग वाटतो तो यापुढचा. वर्गाचे स्वतःचे ग्रंथालय उभे राहिले होते. त्यावर ताबा कोणाचा, यावरून संस्थेच्या चालकांशी वाद झाला. १८२३ मध्ये कारागीर सरळ बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन’ काढली. म्हणजे भांडण शिकायचे की नाही याचे नव्हतेच; शिकण्याचा कारभार कोणी पाहायचा, याचे होते.

त्याच वर्षी लंडनमध्ये ‘मेकॅनिक्स मॅगझिन’ चालवणाऱ्या रॉबर्टसन आणि हॉजस्किन यांनी अशाच संस्थेची हाक दिली. कामगारांनी आपल्याच वर्गणीतून ती चालवावी, हा हॉजस्किनचा आग्रह होता. पैसा देणारा काय शिकवायचे तेही ठरवणार, हे त्याने ओळखले होते. उलट फ्रान्सिस प्लेस याने श्रीमंतांकडून देणग्या गोळा केल्या. अखेर समितीत दोनतृतीयांश सभासद कामगारच असावेत, असा नियम झाला. हॉजस्किनचे तत्त्व आम्हांला पटते. पण आठवड्याच्या मजुरीतून व्याख्यानगृह उभे राहत नाही, हेही खरे. त्यासाठी स्वतः बर्कबेकनेच मोठी रक्कम कर्जाऊ दिली.

नियमामुळे समितीतल्या जागा राखल्या गेल्या, बाकांवरच्या मात्र राहिल्या नाहीत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हिशेब आणि वाचन पक्के नसताना रसायनशास्त्राचे व्याख्यान जड जाई. पुढच्या दशकांत इंग्लंडभरच्या अशा संस्थांत कारागिरांपेक्षा कारकून आणि दुकानातले नोकर जास्त दिसू लागले. लंडनच्या संस्थेने १८३० मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. १९२० मध्ये ती लंडन विद्यापीठात सामील झाली. आज ती बर्कबेकच्याच नावाने ओळखली जाते आणि नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग हीच तिची ओळख राहिली आहे.