फोर्कलिफ्टचालक : प्रशिक्षण व परवाना

पुढील बाजूस बसविलेल्या दोन पोलादी काट्यांनी माल उचलून तो जवळच्या अंतरावर नेणाऱ्या व रचून ठेवणाऱ्या स्वयंचलित वाहनास फोर्कलिफ्ट म्हणतात. अमेरिकेतील क्लार्क कंपनीने 1917 मध्ये तयार केलेले मालवाहू वाहन हे तिचे पूर्वरूप मानले जाते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी कोठारांमुळे तिचा प्रसार झाला.

मोटार चालविता येणाऱ्यास फोर्कलिफ्ट चालविता येतेच असे नाही. तिची मागील चाके वळतात. त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. भार पुढील आसाच्या पुढे असतो व तो तोलण्यासाठी मागे प्रतिभार असतो. भार काट्यांच्या टोकाकडे सरकल्यास किंवा उंच उचलून वळण घेतल्यास वाहन कलंडते.

यंत्रचालकाची पात्रता कायद्याने ठरविण्याची प्रथा भारतात बाष्पित्रांपासून रूढ झाली. कोलकात्यातील 1863 च्या स्फोटानंतर बंगालमध्ये 1864 मध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे 1923 चा अधिनियम देशभरासाठी आला. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा बाष्पित्रावर प्रमाणपत्रधारक परिचर नेमणे बंधनकारक होते. 1923 च्या अधिनियमाची जागा 2025 मध्ये नव्या अधिनियमाने घेतली.

फोर्कलिफ्टच्या बाबतीत कायद्याने निराळा मार्ग धरला. केवळ मालकाच्या आवारात वापरले जाणारे वाहन 1939 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या व्याख्येबाहेर होते. केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरावयाचे विशेष प्रकारचे वाहन 1988 च्या अधिनियमानेही वगळले. रस्त्यावरही चालू शकणारी फोर्कलिफ्ट मात्र केंद्रीय नियमांतील बांधकाम साधन-वाहनांत मोडते व तिच्या चालकास परवाना लागतो. आवारातील चालकाच्या प्रशिक्षणाचा भार मालकावर राहिला. भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने कामगारांना माहिती, प्रशिक्षण व देखरेख पुरविणे हे भोगवटादाराचे कर्तव्य ठरविले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. अमेरिकेत 1999 पासून लागू झालेल्या नियमानुसार सिद्धांत, प्रात्यक्षिक व प्रत्यक्ष कामाच्या जागी चाचणी आवश्यक असून चालकाचे मूल्यमापन किमान तीन वर्षांतून एकदा करावे लागते.

एकाच साखर कारखान्यात बाष्पित्राचा परिचर शासकीय परीक्षेतून आलेला असतो, तर गोदामातील फोर्कलिफ्टचालकाची पारख व्यवस्थापनाकडे असते. व्यवस्थापनाने दिलेले अधिकारपत्र हा शासकीय परवाना नव्हे. त्याचे मोल त्यामागील प्रशिक्षणाइतकेच असते.