उजेड पानाच्या मापाने

कपाटात किंवा बिनखिडकीच्या खोलीत कोथिंबीर, लेट्यूस, मिरची लावू पाहणाऱ्याला दिव्याच्या खोक्यावर बहुधा तीन गोष्टी वाचायला मिळतात: वॉट, ल्युमेन आणि प्रकाशाचा रंग. वॉटवरून विजेचा खर्च कळतो, ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. पानाला किती उजेड मिळणार, हे या तिन्हींतून थेट समजत नाही. हा गोंधळ आजच्या बाजाराने निर्माण केलेला नाही, तो वारशाने आला आहे. विजेच्या उजेडावर झाडं वाढवण्याचे प्रयोग दीडशे वर्षांहून जुने आहेत, आणि त्यातला बराच काळ लोक माणसासाठी घडवलेला दिवा माणसाच्याच मापाने मोजून झाडावर टांगत आले. दिवा कसा निवडावा याचं उत्तर या इतिहासातूनच नीट मिळतं, असं मला वाटतं.

फ्रान्समध्ये एर्व्हे मांगों यांनी १८६१ मध्येच आर्क दिव्याच्या उजेडात पानं हिरवी होतात हे दाखवलं होतं. पण प्रयोगाला बागेचं रूप दिलं ते विल्यम सीमेन्स यांनी. जर्मनीत जन्मून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या या अभियंत्याने मार्च १८८० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं काम मांडलं. मोहरी, गाजर, काकडी, खरबूज यांसारख्या रोपांच्या कुंड्यांचे त्यांनी चार गट केले होते. एक गट अंधारात, दुसरा फक्त दिव्याखाली, तिसरा फक्त दिवसाच्या उजेडात, आणि चौथा दिवसा उजेडात नि रात्री दिव्याखाली. चौथा गट सर्वांत जोमदार निघाला. त्यांचा दिवा १४०० मेणबत्त्यांच्या शक्तीचा होता, म्हणजे माप डोळ्याचंच. त्या मापाची मर्यादा सीमेन्स यांच्या हरितगृहातच उघडी पडली. उघड्या आर्कसमोरची पानं करपत, पण मध्ये नुसती पातळ काच धरली की बचावत. डोळ्याला काचेने फारसा फरक जाणवत नव्हता. ती अडवत होती न दिसणारी अतिनील किरणं.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लिबर्टी हाइड बेली यांनी १८९१ मध्ये असेच प्रयोग प्रसिद्ध केले. लेट्यूसला दिव्याचा फायदा झाला, विलायती पालक मात्र पानं भरण्याआधीच फुलोऱ्यावर येऊन बी धरू लागला. एकाच दिव्याखाली दोन भाज्या अशा वेगळ्या का वागतात, याचा उलगडा व्हायला जवळपास तीस वर्षं लागली, आणि तो झाला एका अंधाऱ्या खोपटात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलर्ड यांच्याकडे मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखू होती. ती उन्हाळाभर उंच वाढत राही, फुलत मात्र नसे. जुलै १९१८ मध्ये त्यांनी या तंबाखूच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या रोज दुपारी चारपासून सकाळी नऊपर्यंत त्या खोपटात ठेवायला सुरुवात केली. दिवस आखूड झाला आणि झाडं भर उन्हाळ्यात फुलली. हिवाळ्यात उलट केलं, तेव्हा साध्या बल्बच्या मंद उजेडानेही झाडाला दिवस मोठा भासवता आला. १९२० मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि उजेडाची दोन कामं वेगळी झाली: एक पोषणाचं, दुसरं दिनमानाचं. शेवंतीची फुलं हव्या त्या हंगामात आणण्यासाठी शेतकरी आजही रात्री दिवे लावतात, ते या दुसऱ्या कामासाठी. कपाटातल्या बागेत अंधारही आपल्या हातात असतो, हा तिचा मोठा लाभ आहे. म्हणून दिव्याइतकंच महत्त्व टायमरला द्यायला हवं.

पोषणाचा हिशेब त्यानंतरही रखडला. १९७२ मध्ये टेक्सासमधल्या कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा उजेड टाकून मोजमाप केलं. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला जवळजवळ सगळाच प्रकाश पान वापरतं, हिरवादेखील, हे त्यातून दिसलं. तरीही पुढे एलईडीचे दिवे आले ते जांभळे. याचं एक कारण तंत्राचं होतं: १९८० च्या दशकाअखेर विस्कॉन्सिनमध्ये अंतराळातल्या शेतीसाठी प्रयोग सुरू झाले, तेव्हा लाल एलईडीच पुरेसे प्रखर मिळत होते, आणि १९९१ मध्ये छापलेल्या तिथल्या प्रयोगात निळा प्रकाश ट्यूबमधून द्यावा लागला. प्रखर निळा एलईडी आला १९९३ मध्ये. दुसरं कारण चुकीच्या वाचनाचं. पानातून काढून द्रावणात विरघळवलेलं हरितद्रव्य हिरवा रंग फारसा शोषत नाही, त्यावरून जिवंत पानालाही तो नको असतो असं अनेकांनी धरलं. अखंड पानात प्रकाश आतल्या आत अनेकदा परावर्तित होतो, आणि हिरवा प्रकाश खालच्या थरांपर्यंत पोचतो. शिवाय जांभळ्या उजेडात कीड किंवा पिवळेपणा डोळ्याला ओळखू येत नाही.

यावर कुणी म्हणेल, ट्यूबलाइटखाली वॉट मोजूनच लोकांनी वर्षानुवर्षं रोपं वाढवली, मग नवं माप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. एकाच जातीच्या दिव्यांची तुलना करायची असेल तर वॉट पुरतात, आणि एकसारख्या पांढऱ्या दिव्यांमध्ये ल्युमेनही ढोबळ अंदाज देतात. पण एलईडीत दोन दिव्यांची कार्यक्षमता दुपटीनेही वेगळी असू शकते, आणि ‘१००० वॉटच्या तोडीचा’ अशा मजकुराला काही आधार उरत नाही. प्रकाशसंश्लेषण चालतं प्रकाशकणांच्या संख्येवर, म्हणून मोजायचे ते कण, मायक्रोमोलमध्ये. पालेभाजीला दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २०० मायक्रोमोल रोज १६ तास मिळाले तर ती चांगली वाढते; मिरचीला यापेक्षा बरेच जास्त लागतात. ६० सेंटिमीटर लांब-रुंद कप्प्याला याचा अर्थ दर सेकंदाला ७२ मायक्रोमोल होतो. एका ज्यूलला २.५ मायक्रोमोल देणारा दिवा असेल, तर वाया जाणारा उजेड धरूनही ४० वॉटमध्ये भागतं आणि दिवसाला पाऊण युनिटही जळत नाही. याच्या दुप्पट वीज खाणारा दिवा तितकाच उजेड देत असेल, तर उरलेली वीज बंद कपाटात उष्णता होऊन साठते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ती रोपांना सोसत नाही. तेव्हा पांढरा, थोडा जादा लाल असलेला एलईडी घ्यावा, आणि एका ज्यूलला किती मायक्रोमोल, हे विक्रेत्याला विचारावं. ज्या दिव्याच्या माहितीपत्रकात हा आकडा नाही, तो कितीही स्वस्त आणि लखलखीत असला तरी घेऊ नये.