शुद्धीचा खर्च : मिरज, औंध आणि वाई येथील मुद्रितशोधन

संगणकांच्या जाळ्याची मांडणी समजावून देणाऱ्या पुस्तिकेत एक अक्षर चुकले, तर त्याकडे शुद्धलेखनाचा दोष म्हणून काणाडोळा करता येत नाही. कारण वाचक आज्ञा छापल्याबरहुकूम टंकित करतो आणि यंत्र ती नाकारते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच अर्थाने पाळते. ज्या मजकुरात अक्षर आणि कृती यांत अंतर उरत नाही, तो चुकू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या परिसरात मात्र संगणकाच्या कितीतरी आधी उपस्थित झालेला होता.

नाना फडणविसांच्या आश्रयाने पुण्यात सुरू झालेले गीतेचे ताम्रपट कोरण्याचे काम नानांच्या निधनानंतर मिरजेस गेले आणि तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांच्या पदरी १८०५ साली ती गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागे. ते चुकले तर तेवढा भाग खरवडून, पत्रा मागून ठोकून पुन्हा सपाट करून आणि घासून नव्याने कोरण्यावाचून गत्यंतर नसे. दुरुस्ती इतकी महाग असल्यामुळे शोधनाचे सगळे काम कोरणीपूर्वीच उरकावे लागे. पुढे सुट्या खिळ्यांचे, म्हणजे एकेका अक्षराच्या शिशाच्या ठशांचे, मुद्रण रूढ झाले आणि जुळाऱ्याला चुकीचा खिळा उपसून दुसरा बसवणे सोपे झाले. मात्र तसे करताना शेजारचा खिळा ढळून नवीच चूक शिरत असल्याने मुद्रित, म्हणजे तपासणीसाठी काढलेली छाप, पुन्हा काढून वाचण्याची शिस्त आली.

या शिस्तीची सर्वांत कठीण कसोटी औंधास लागली. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने तेथे वैदिक संहिता छापल्या आणि १९४८ नंतर ते गुजरातेतील पारडीस जाईपर्यंत औंध हे त्या मुद्रणाचे केंद्र राहिले. वेदमंत्रांत अक्षरांखाली आडवी रेघ अनुदात्ताची आणि वर उभी रेघ स्वरिताची असते, तर उदात्ताला बहुधा खूणच नसते. त्यामुळे गळालेली रेघ ही चूक आहे की मुळातच ती नव्हती, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. ‘इंद्रशत्रु’ या समासात स्वर पहिल्या अक्षरावर पडला तर ‘इंद्र ज्याचा संहारक’ आणि शेवटच्यावर पडला तर ‘इंद्राचा संहारक’ असा अर्थ होतो, आणि इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने केलेला यज्ञ या एका फरकाने उलटला, अशी कथा वैदिक परंपरा सांगते. तिने यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे : जटापाठ आणि घनपाठ या मंत्रपठणाच्या पद्धतींत तेच शब्द पुढून, मागून आणि पुन्हा पुढून उच्चारले जातात, त्यामुळे एखादा स्वर ढळला की शेजारच्या आवृत्तीशी तो जुळेनासा होतो. जाळ्यातून जाणाऱ्या माहितीसोबत पडताळ्याचा आकडा पाठवण्यामागेही, चूक उघडी पडावी म्हणून पुनरुक्ती मुद्दाम सोसण्याचेच तत्त्व आहे. फक्त तो आकडा वाटेतली मोडतोड पकडतो, मुळात चुकीचे लिहिलेले मात्र निमूटपणे बिनचूक पोचवतो.

औंध संस्थानच्याच आश्रयाने १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत प्रश्न निराळा होता. तेथून १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ने आणि तिच्या भावंड-मासिकांनी पुढे सावरकरप्रणीत लिपिसुधारणा स्वीकारून ‘इ’ऐवजी ‘अि’ छापले. साहजिकच शाळेत जी चूक ठरली असती ती या छापखान्यात शुद्ध रूप होती. शुद्ध काय हे आधी ठरल्याखेरीज शोधक काहीच करू शकत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आणि उरलेले चार १९७२ मध्ये आले, तेव्हा ही बाब राज्यापुरती तरी मार्गी लागली.

पारिभाषिक शब्दांची बाब वाईने मार्गी लावली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा प्रथम प्रसिद्ध झालेला खंड पहिला नसून अठरावा, म्हणजे परिभाषासंग्रह, होता. तो १९७३ मध्ये आला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. एकाच संज्ञेची दोन रूपे दोन नोंदींत आली तर त्या दोन वस्तू आहेत असा वाचकाचा समज होतो, हे लक्षात घेता आधी शब्द बांधून मग लेखन करण्याचा हा क्रम अत्यंत शहाणपणाचा म्हटला पाहिजे, आणि आजच्या तांत्रिक पुस्तिकांच्या कर्त्यांनी तो क्वचितच पाळलेला दिसतो.

संगणकाने दुरुस्तीचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, पण नवी अडचणही आणली : ‘दुसऱ्या’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात आणि साधा शोध एकाला दुसऱ्याशी जुळवत नाही. ही चूक डोळ्यांना दिसतच नसल्यामुळे मराठी तांत्रिक मजकुराच्या शोधनाला वाचक आणि यंत्र अशी दुहेरी तपासणी यापुढे अनिवार्य आहे.