महाडची बाजारपेठ

रायगड जिल्ह्यातील महाड या तालुक्याच्या गावची जुनी व्यापारी पेठ. सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेली. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते दासगाव बंदरापर्यंत येत आणि तिथून पुढचा माल बैलांच्या पाठीवर चढे. वरंध घाटाने भोरकडे, पार घाटाने वाईकडे मीठ, सुकी मासळी, नारळ वर जाई. उलट वाटेने धान्य, गूळ, कांदा-लसूण खाली उतरे. वखारी आणि अडती इथे झाल्या त्या या अदलाबदलीमुळे. शिवकालीन राजधानीचा रायगड किल्ला इथून सुमारे २५ किमी. असल्याने पेठेचे श्रेय सरसकट राजधानीला देण्याची पद्धत आहे. पण राजधानी गेल्यावरही पेठ टिकली, ती नदी आणि घाटांच्या जोरावर. पेशवाईत पुण्यातून पाय काढावा लागला की महाड जवळचे वाटे. १७९६ मध्ये नाना फडणीसांनी इथे बसूनच राजकारणाचे धागे जुळवले, तर १८०२ मध्ये हडपसरच्या पराभवानंतर दुसरा बाजीराव याच वाटेने कोकणात उतरला.

पेठ पायीच पाहावी. मुख्य रस्ता अरुंद. जुन्या घरांत खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मध्ये पोटमाळा. सुकट गल्लीचा पत्ता विचारावा लागत नाही, वास पुरतो. पावसाळ्याआधी आसपासच्या गावांची घरे सुकट, बोंबील, आमसूल, मीठ यांची बेगमी करतात, तेव्हा हा बाजार खरा रंगात येतो. वीरेश्वर हे ग्रामदैवत. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा छबिना निघतो.

पेठेपासून थोड्याच अंतरावर चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला व महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचेही जाहीर केले. प्रत्यक्षात काही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्यांच्यावर हल्ले झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाजाराने आपली बाजू स्पष्टच केली: व्यापारी माल देणार नाहीत म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला, आणि मंडपासाठी जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. आंबेडकर बोटीने दासगावला उतरून तिथून चालत महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये सुटला, निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. व्यापाराचा इतिहास सांगताना हा बहिष्कार गाळला जातो. तो पेठेच्याच हिशेबात धरायला हवा.

पूर हा इथला नेमाचा पाहुणा. महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरांत कोसळलेला पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी गाठ पडली की सावित्रीला जायला जागा उरत नाही. पाणी चढू लागले की माल पोटमाळ्यावर जातो. जुलै २०२१ मध्ये पोटमाळ्यांनीही हात टेकले. त्याच पावसात तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहनांसह वाहून गेला होता.

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला सुमारे १८ किमी.वर पोलादपूर लागते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे हे गाव, महाबळेश्वरचा रस्ता इथून फुटतो. बाजार लहान, वाहत्या गिऱ्हाइकावर चालणारा. महाडसारखी गल्ल्यांची वीण इथे नाही. शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी मात्र पाहावी. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातच.

महाडला जवळचे रेल्वेस्थानक वीर. सकाळी चवदार तळे व पेठ, महामार्गालगतची गांधारपाले लेणी आणि दुपारनंतर पोलादपूर, असा एका दिवसाचा क्रम जमतो. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद असतो, तेव्हा पुण्याकडून येणाऱ्यांनी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरावे.