तांबड्या रेशमातले आत्मकथन

मॅटीच्या कापडावर फुल्यांच्या टाक्याने 'सुस्वागतम्' किंवा राघू-मैना भरून, वर काच लावून दारासमोर टांगलेली चौकट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. ती पाहून मनात येते ते एवढेच, की घरातल्या मुलीचा हात चांगला आहे. भरणारीला स्वतःविषयी काही सांगायचे असेल, अशी शंका सहसा येत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले एक कापड ही सवय मोडायला लावते. ते १८३० च्या सुमाराचे, तांबड्या रेशमाने भरलेले लिनन आहे. त्यावर फुले नाहीत, पक्षी नाहीत, किनारही नाही. आहे तो केवळ ओळीमागून ओळ चालत गेलेला मजकूर. तो भरणारी एलिझाबेथ पार्कर तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास होती.

अशा कापडाला इंग्रजीत 'सॅम्प्लर' म्हणतात. हा शब्द 'नमुना' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. आरंभी सॅम्प्लर म्हणजे टाक्यांची आणि नक्ष्यांची टिपणवहीच होती. ह्याच संग्रहालयातला १५९८ सालचा जेन बोस्टॉक हिचा सॅम्प्लर त्या प्रकारचा आहे. त्यावर ॲलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंदही आहे. पुढे सॅम्प्लर शाळेत शिरला. मुळाक्षरे, अंक, बायबलातली वचने आणि आज्ञाधारकपणाचे गोडवे गाणारी पद्ये लहान मुलींकडून भरून घेतली जाऊ लागली. टाका घट्ट बसावा आणि त्याबरोबर वळणही बसावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. सॅम्प्लरवर मुलीचे नाव आणि वय असे. शब्द मात्र दुसऱ्याचे असत.

एलिझाबेथने हे साधन उचलले आणि त्यात स्वतःचे शब्द घातले. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे असे मांडते आहे, जिव्हाळ्याच्या माणसापाशी मोकळेपणाने बोलावे तसे, असे ती प्रारंभीच सांगते. आपला जन्म १८१३ चा, ससेक्स परगण्यातल्या ॲशबर्नहॅमचा, वडील तिथल्या उमरावाकडे मजूर, आई धर्मादाय शाळा चालवणारी, भावंडे अकरा. लहान वयातच ती घरकामाला परक्या घरी गेली. तिथे ती ज्याचा उल्लेख 'लेफ्टनंट जी.' एवढाच करते त्या मालकाने तिचा छळ केला आणि त्याच्या दुष्ट हेतूला तिने विरोध केला तेव्हा तिला जिन्यावरून खाली ढकलले. पुढे आत्महत्येच्या विचाराने तिला घेरले. तो विचार, त्याची शरम आणि ईश्वराची करुणा ह्यांनी कापडाचा मोठा भाग व्यापला आहे.

जिने एवढा मजकूर भरला, तिला लिहिता येत नव्हते हे कसे मानायचे? त्या काळी इंग्लंडमध्ये वाचन आणि लेखन एकत्र शिकवले जात नसे. गरिबांच्या मुलींना वाचन आणि शिवण शिकवून थांबण्याची प्रथा होती. तेव्हा लेखणी तिच्या हातात कधी आलीच नसेल, हा अर्थ सरळ आहे. पण दुसराही अर्थ संभवतो. हे दुःख लिहिण्याची सोय तिच्यासारखीला नाही, असेही ती सुचवत असावी.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिचा टाका. तांबड्या धाग्याचा फुलीचा टाका हा खूणगाठीचा टाका होता. मोठ्या घरांतल्या चादरी, रुमाल, आतले कपडे धुण्यात हरवू नयेत म्हणून त्यांवर मालकांची आद्याक्षरे आणि अंक ह्या टाक्याने घालत, आणि मोलकरणीला हे काम येणे आवश्यक मानले जाई. दुसऱ्याच्या कापडावर दुसऱ्याचे नाव घालण्याची ही विद्या एलिझाबेथने स्वतःचे आयुष्य नोंदवण्यासाठी वापरली. ज्या मालकाची आद्याक्षरे तिने एरवी त्याच्या चादरीवर भरली असती, त्याचे एक अक्षर तिने आपल्या फिर्यादीत भरले.

तरीही ह्या कापडाला बंडाचा जाहीरनामा ठरवण्याची घाई करू नये. रोझिका पार्कर ह्यांनी 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) ह्या ग्रंथात दाखवून दिले, की भरतकामाने स्त्रियांना वळण लावले आणि त्याच भरतकामात त्यांना प्रतिकाराची जागाही सापडली. इथे ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. मालकाचा अपराध थोडक्या शब्दांत आटोपतो. आपल्या पापाचा पाढा मात्र एलिझाबेथ लांबवर वाचत राहते. जे सोसले त्याला नाव देण्यासाठी तिच्यापाशी भाषा होती ती चर्चची, आणि त्या भाषेत अपराधी ठरत होती ती स्वतःच. तिचा टाका मोकळा झाला, शब्द पुरते मोकळे झाले नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे ते ह्याच ठिकाणी.

आपल्या आत्म्याचे काय होणार, हा प्रश्न विचारता विचारता मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. खाली कापड कोरे आहे. ही कोरी जागा पाहून आपण वाईट तेच गृहीत धरतो. पण पुढे उजेडात आलेली हकीकत वेगळी आहे. एलिझाबेथ जगली. ॲशबर्नहॅममध्ये ती शिक्षिका झाली आणि १८८९ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, वारली. तिचे कापड संग्रहालयात आले ते १९५६ साली.

लिहिता येत नाही म्हणणारी ही मुलगी पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना शिकवत राहिली. कापडावरचे वाक्य तिने पुरे केले नाही. कदाचित ज्याला ते सांगायचे होते तो जिव्हाळ्याचा श्रोता तिला भेटला असेल. कदाचित बोलून झाल्यावर तिला त्याची गरजच उरली नसेल. काचेमागे टांगलेल्या पुढच्या चौकटीसमोर मात्र आपण, हात चांगला आहे, एवढे म्हणून पुढे जाऊ नये.